सरासरी मूल आणि आपल्या वर्गातले मूल

गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या गोठणगावाजवळ गाढवी नदीवर इटियाडोहचे धरण आहे. धरण मातीचे. १९७०च्या सुमाराला ते बांधून झाले. आजूबाजूला झाडीपट्टीचा धानाचा मुलूख. काही वर्षांपूर्वी ऑगस्ट महिन्यात शिक्षकांच्या एका शिबिराच्या निमित्ताने मी तिथे गेलो होतो. रोवण्या नुकत्याच आटोपल्या होत्या. दुपारच्या सुट्टीत आम्ही काहीजण धरण पाहायला गेलो.

माझे काम नोंदींचे आहे. पाऊस, नद्यांना येणारे पाणी, जलाशयांची पातळी अशा काळाबरोबर बदलणाऱ्या गोष्टींचे आकडे घ्यायचे आणि त्यांतून काही नियम सापडतो का ते पाहायचे. त्यामुळे बोलणे साहजिकच धरणात येणाऱ्या पाण्यावर, म्हणजे पाटबंधारे खात्याच्या भाषेत 'येव्या'वर आले. तेवढ्यात एका गुरुजींनी पिशवीतून एक वही काढली. तिच्यात तिसरीतल्या एका मुलाचे काही कागद तारखेनिशी चिकटवलेले होते. मुलाच्या घरी गोंडी बोलत. जूनमध्ये त्याला चार-पाच अक्षरे ओळखता येत होती. ऑक्टोबरमध्येही तेवढीच. शाळेच्या नोंदीत त्याच्या नावापुढे 'अप्रगत' असा शेरा होता. वर्गाच्या मानाने तो दीड वर्ष मागे आहे, असे चाचणीवरून ठरले होते. नंतर जानेवारीत, तीन आठवड्यांच्या आत, तो पिशव्यांवरची नावे, एस.टी.च्या पाट्या, फळ्यावरची वाक्ये असे दिसेल ते वाचू लागला.

गुरुजींनी विचारले, "सर, ऑक्टोबरात हा पोरगा मागे होता, की थांबला होता? की पुढे जात होता आणि मलाच दिसत नव्हते?"

प्रश्न मुलाचा होता, पण त्याच्या उत्तराची सुरुवात आमच्यासमोरच होती.

धरण कसे भरते?

समजा, एखाद्या धरणाच्या पाणीपातळीच्या रोजच्या नोंदी गेल्या ३० वर्षांच्या आपल्याकडे आहेत. १ जूनला ३० वर्षांत सरासरी किती पाणी होते, २ जूनला किती होते, असे करत आपण सरासरीचा आलेख काढला. तो आलेख मोठा देखणा येईल. जूनमध्ये थोडा वर, जुलैत आणखी वर, ऑगस्ट-सप्टेंबरात हळूहळू माथ्याकडे. एखाद्या टेकडीच्या उतारासारखी गुळगुळीत रेघ.

आता एकेका वर्षाचा आलेख पाहा. एका वर्षी जुलै कोरडा गेला आणि ऑगस्टमधल्या चार दिवसांच्या झडीने धरण निम्मे भरले. दुसऱ्या वर्षी जुलैतच सांडव्यावरून पाणी वाहू लागले. तिसऱ्या वर्षी सांडवा कोरडाच राहिला. प्रत्येक वर्षाच्या रेघेत सपाट भाग आहेत आणि मध्येच उभ्या पायऱ्या आहेत. सरासरीच्या गुळगुळीत रेघेप्रमाणे मात्र धरण एकाही वर्षी भरलेले नाही!

सरासरी चुकीची आहे असे मुळीच नाही. कालव्याखाली एकूण किती शेती येऊ शकेल, हे ठरवायला तीच लागते. पण 'या वर्षी, आज, पाणी सोडायचे का?' या प्रश्नाचे उत्तर सरासरी देत नाही. त्यासाठी या वर्षीच्या नोंदीच पाहाव्या लागतात.

मुलांच्या वाढीचे शास्त्रही याच पेचातून गेले आहे.

एका मुलाची उंची, शंभर मुलांची उंची

फ्रान्समधल्या माँबेयार नावाच्या एका सरदाराने १७५९ साली जन्मलेल्या आपल्या मुलाची उंची तो १८ वर्षांचा होईपर्यंत, साधारण दर सहा महिन्यांनी मोजली. एकाच मुलाच्या मागे इतकी वर्षे राहून केलेली ही सर्वांत जुनी माहीत असलेली नोंद मानतात. तिच्यात बालपणी मंदावत गेलेला वाढीचा वेग आणि किशोरवयात पुन्हा आलेली उसळी स्पष्ट दिसते.

पण एकेका मुलाच्या मागे १८ वर्षे कोण राहणार? त्यापेक्षा एकाच दिवशी सहा वर्षांची शंभर मुले, सात वर्षांची शंभर मुले, आठ वर्षांची शंभर मुले मोजावीत आणि सरासऱ्या जोडून रेघ काढावी, हे सोपे. एकोणिसाव्या शतकात बेल्जियमच्या केटले यांनी अशा मापनांतून 'सरासरी माणूस' ही कल्पनाच मांडली. पुढे १८९०च्या दशकात अमेरिकेत शाळकरी मुलांची मोजमापे घेताना फ्रान्झ बोआस यांच्या लक्षात आले, की ही सरासरी रेघ आपल्याला फसवते आहे. कसे ते एका कल्पित उदाहरणाने पाहू.

अ, ब आणि क हे तीन मुलगे आहेत. वयाच्या ११व्या वर्षापासून १६व्या वर्षापर्यंत दरवर्षी त्यांची उंची किती सेंटिमीटरने वाढली, ते असे :

अ : ७, १०, ७, ४, २
ब : ५, ७, १०, ७, ४
क : ५, ५, ७, १०, ७

आता तिघांची दरवर्षीची सरासरी काढा. ती साधारण ५.७, ७.३, ८, ७ आणि ४.३ येते. सरासरी सांगते, की मुलगे कोणत्याही वर्षी ८ सेंटिमीटरपेक्षा जास्त वाढत नाहीत. प्रत्यक्षात तिघेही एकेका वर्षी १० सेंटिमीटर वाढले आहेत. फक्त ती वर्षे वेगळी आहेत. वेगवेगळ्या वेळी आलेल्या उसळ्या एकमेकींत मिसळल्या आणि सरासरीची टेकडी बुटकी अन् पसरट झाली.

शिवाय १३व्या वाढदिवशी तिघांना एका रांगेत उभे केले तर अ उंच दिसेल आणि क बुटका. 'क मागे आहे' असे आपण म्हणू. पण क मागे नाही, त्याची वेळ यायची आहे. आपल्या धानाच्या मुलखात हे सांगायला फार शब्द लागत नाहीत. हलका धान लवकर निसवतो, भारी धान उशिरा. भारी धानाच्या बांधीपुढे उभे राहून तिला कोणी 'ढ' म्हणत नाही. अर्थात ही उपमा इथेच थांबवली पाहिजे. धानाचा कालावधी बियाण्यावरून बराचसा आधीच ठाऊक असतो. मुलाचा असा ठाऊक नसतो.

नोंदी जितक्या जवळजवळच्या घ्याव्यात, तितक्या पायऱ्या अधिक स्पष्ट होतात. १९९२ साली मिशेल लॅम्पल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३१ तान्ह्या बाळांची लांबी वारंवार, काहींची तर रोज, मोजली. त्यांना असे दिसले, की बाळाची लांबी कित्येक दिवस जराही वाढत नाही आणि मग एकाएकी अर्ध्या ते अडीच सेंटिमीटरची उडी येते. या निष्कर्षावर पुढे वादही झाले, कारण इतकी बारीक मापे घेताना चुका होऊ शकतात. पण महिन्यातून एकदा मोजणाऱ्याला जे दिसत नाही ते रोज मोजणाऱ्याला दिसू शकते, एवढे त्यातून नक्की कळले.

मनाची वाढ मोजताना

उंची निदान पट्टीने मोजता येते. बुद्धी, भाषा, वाचन यांचे काय?

१९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि सिमाँ यांनी बुद्धिमापनाची पहिली उपयुक्त कसोटी तयार केली. शाळेत ज्यांना जास्त मदत हवी ती मुले ओळखणे, हा तिचा हेतू होता. पुढे तिच्यातून 'मानसिक वय' ही कल्पना आली. सहा वर्षांची बहुतेक मुले जे प्रश्न सोडवतात तेवढेच एखाद्या आठ वर्षांच्या मुलाने सोडवले, तर त्याचे मानसिक वय सहा. मानसिक वयाला खऱ्या वयाने भागून १००ने गुणले की बुद्ध्यंक. या मुलाचा बुद्ध्यंक ७५.

मराठी मुलांपर्यंत ही कसोटी आणण्याचे श्रेय धारवाडच्या व्ही. व्ही. कामत यांना जाते. अमेरिकेत १९१६ साली झालेली बिने कसोटीची आवृत्ती घेऊन त्यांनी १९३०च्या दशकात ती कन्नड आणि मराठी मुलांसाठी रूपांतरित केली. त्यावरचे त्यांचे पुस्तक १९४० साली प्रसिद्ध झाले. 'बिने-कामत कसोटी' हे नाव आपल्याकडच्या अनेक शिक्षकांनी बी.एड.ला वाचले असेल. परक्या मुलांचे आकडे आपल्या मुलांना लावू नयेत, आपल्या मुलांची मापे आपल्या मुलांवरूनच ठरवावीत, ही त्यामागची दृष्टी मोलाची होती.

पण हाच प्रश्न आणखी पुढे नेता येतो. 'आपली मुले' म्हणजे कोणती? एकट्या अर्जुनी मोरगाव तालुक्याचे उदाहरण घ्या. इथे झाडीबोली बोलणारी घरे आहेत, गोंडी बोलणारी आहेत. बंगाली निर्वासितांची गावे आहेत. गोठणगावाजवळ १९७०च्या दशकात वसलेली तिबेटी लोकांची वसाहत आहे. पाठ्यपुस्तकातल्या मराठीत एकच प्रश्न या चार घरांतल्या मुलांना विचारला, तर तो चौघांसाठी एकच प्रश्न राहतो का?

आणि समजा भाषेची अडचण दूर केली, तरी एक मूलभूत गोष्ट उरतेच. मानसिक वय सहा हा आकडा मुलाची आजच्या घोळक्यातली जागा सांगतो. ते मूल त्या जागी कोणत्या वाटेने आले आणि पुढे कुठे निघाले आहे, हे तो सांगत नाही. दोन मुलांचा आकडा एकच असेल, पण एक वर्षभर एकाच जागी असेल आणि दुसरे गेल्या दोन महिन्यांत झपाट्याने वर आलेले असेल. एका दिवशी घेतलेल्या चाचणीत दोघे सारखेच दिसतील.

स्वतः बिने यांना हे उमजत होते. मॅडलेन आणि अॅलिस या आपल्या दोन मुलींचे त्यांनी बारकाईने निरीक्षण केले होते. चालायला शिकताना एक जपून, आधार धरून, विचार करत पाऊल टाकी. दुसरी हसत-धडपडत पुढे धावे. दोघी चालायला शिकल्या, पण वाटा वेगळ्या होत्या. बुद्धी म्हणजे कधीच न बदलणारे माप आहे, या समजुतीवर त्यांनी १९०९ सालच्या आपल्या पुस्तकात कडाडून टीका केली आहे.

चालण्याचे वय

'मूल चालायला कधी लागते?' असे विचारले तर बहुतेकजण 'वर्षाचे झाले की' असे सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेने घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतल्या, चांगले पोषण असलेल्या, सुमारे ८०० निरोगी मुलांच्या पाठोपाठ राहून नोंदी घेतल्या. त्या २००६ साली प्रसिद्ध झाल्या. त्यांत आधाराशिवाय चालण्याचे वय ८.२ महिन्यांपासून १७.६ महिन्यांपर्यंत पसरलेले आढळले. एकाच गल्लीतली दोन धडधाकट मुले चालू लागण्यात नऊ महिन्यांचे अंतर असू शकते! शंभरातली सुमारे चार मुले तर हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. एक पायरी गाळून ती पुढे गेली आणि नीट चालू लागली.

म्हणून या संघटनेने एकेका क्षमतेसाठी एकच वय न देता खिडकी दिली आहे. खिडकीत कुठेही मूल असेल तर काळजी नको. खिडकी उलटून गेली तर मात्र डॉक्टरांना दाखवावे. सरासरीचा असा उपयोग करणे शहाणपणाचे आहे.

वर्गाचा नियम आणि मुलाचा नियम

आता या लेखातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. आपल्या वर्गात एक साधी पाहणी करा. सर्व मुलांना एक उतारा लिहायला द्या. कोणी किती वेळात लिहिला आणि किती चुका केल्या ते मांडा. बहुधा असे दिसेल, की भराभर लिहिणाऱ्या मुलांच्या चुका कमी आहेत. कारण उघड आहे. त्यांना लिहिण्याचा सराव जास्त आहे. मग यावरून आपण एखाद्या मुलाला सांगावे का, की 'बाळ, भराभर लिही, म्हणजे तुझ्या चुका कमी होतील'? सांगून पाहा! चुका वाढतील.

म्हणजे मुलामुलांची तुलना केली तर 'वेग जास्त तेथे चुका कमी' आणि एकाच मुलाकडे पाहिले तर 'वेग जास्त तेथे चुका जास्त'. दोन्ही विधाने खरी आहेत. ती दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला लावले की फसगत झालीच.

भौतिकशास्त्रात या गोष्टीचा विचार फार पूर्वी झाला आहे. खोलीतल्या हवेच्या असंख्य रेणूंचा या क्षणी सरासरी वेग काढा. किंवा एकाच रेणूच्या मागे दीर्घकाळ राहून त्याचा सरासरी वेग काढा. दोन्ही उत्तरे सारखीच येतात. असे जिथे घडते त्या व्यवस्थेला 'अर्गोडिक' म्हणतात. तिथे घोळक्यावरून एकाचे आणि एकावरून घोळक्याचे अनुमान करता येते. पण त्यासाठी दोन अटी पाळल्या जाव्या लागतात. एक, सर्व घटकांना एकच नियम लागू असला पाहिजे. दोन, तो नियम काळाबरोबर बदलता कामा नये.

पीटर मोलेनार या डच मानसशास्त्रज्ञांनी २००४ साली याच अटी मानसशास्त्राला लावून पाहिल्या. मुलांच्या बाबतीत पहिली अट क्वचितच पाळली जाते. आणि दुसरी? विकास म्हणजेच काळाबरोबर होणारा बदल. जिथे विकास आहे तिथे दुसरी अट मोडणारच. म्हणून मुलाचा विकास समजून घ्यायचा तर पुष्कळ मुले एकदा पाहून भागत नाही. एकच मूल पुष्कळदा पाहावे लागते. मग अशा अनेक मुलांच्या वाटा शेजारी शेजारी ठेवून त्यांत काय समान आहे ते शोधायचे. मोजणी दोन्हीकडे आहे, फक्त क्रम उलटा आहे. आधी एकेकाची वाट, मग सर्वांचा नियम.

शिकण्याच्या रेघा

शिकण्याबाबतही अशीच फसगत होते. समजा दहा मुलांना भागाकार शिकवायला घेतला. पहिल्या दिवशी एकाला उमगला, दुसऱ्या दिवशी आणखी एकाला, असे दहा दिवसांत दहाही जणांना उमगला. ज्याला ज्या दिवशी उमगला त्या दिवसापासून त्याला पूर्ण जमले, त्याआधी काहीच जमत नव्हते. वर्गाची सरासरी रोज १० टक्क्यांनी चढत जाईल. तो आलेख पाहून बाहेरचा माणूस म्हणेल, की मुले थोडे थोडे, संथपणे शिकत आहेत. खरे तर एकही मूल तसे शिकले नाही. समूहाच्या आलेखावरून एकट्याच्या शिकण्याचा आकार ठरवता येत नाही, हे १९५०च्या दशकात विल्यम एस्टीस आणि इतर मानसशास्त्रज्ञांनी गणिताने दाखवून दिले.

मग प्रत्येक मूल उडी मारूनच शिकते का? तसेही नाही. अमेरिकेतल्या रॉबर्ट सीगलर यांनी १९८०च्या दशकात चार-पाच वर्षांच्या काही मुलांना सुमारे ११ आठवडे पुन्हा पुन्हा बेरजा दिल्या आणि प्रत्येक बेरीज कशी केली ते नोंदले. ३ आणि ९ यांची बेरीज एखादे मूल आधी तीन बोटे, मग नऊ बोटे, मग सगळी मिळून मोजून करते. एक दिवस ते थेट नऊपासून 'दहा, अकरा, बारा' असे मोजते. आपल्याला वाटेल, नवी रीत सापडली की जुनी सुटली. पण तसे झाले नाही. मुले दोन्ही रीती कित्येक आठवडे आलटून पालटून वापरत राहिली. आणि नवी रीत सापडली ती नेहमी अडल्यावरच असेही नव्हते. जुन्या रीतीने उत्तरे बरोबर येत असतानाही ती सापडली.

कधी कधी पुढे जाणारे मूल मागे आल्यासारखेही दिसते. लहान मूल आधी मोठ्यांचे ऐकून 'मी केलं' असे बरोबर म्हणते. काही महिन्यांनी तेच मूल 'मी करलं' म्हणू लागते. आई-वडिलांना वाटते, आलेले बिघडले. प्रत्यक्षात 'बस-बसलं', 'धर-धरलं' यांतला नियम त्याला सापडलेला असतो आणि तो ते सगळीकडे लावून पाहत असते. फक्त बरोबर-चूक मोजणाऱ्याला इथे घसरण दिसेल. कसे बोलले ते ऐकणाऱ्याला प्रगती दिसेल.

थांबणे आणि अडणे

इथे एक इशारा दिला पाहिजे. 'प्रत्येक मूल वेगळे, ज्याची त्याची वेळ येईल' असे म्हणून हात झटकणे फार सोपे आहे. रेघ सपाट आहे याचा अर्थ आतून काहीतरी घडते आहे असाही असेल, किंवा मूल खरोखरच अडले आहे असाही असेल. त्याला फळा दिसत नसेल. एका कानाने ऐकू येत नसेल. पोट रिकामे असेल. पूर्व विदर्भात सिकलसेलचा आजार बराच आढळतो. असे मूल वारंवार गैरहजर राहील, लवकर थकेल. अक्षरांचे आणि ध्वनींचे नातेच काही मुलांना अवघड जाते. त्यांना वेगळ्या रीतीने शिकवावे लागते. म्हणून सपाट रेघ दिसली की चौकशी करायची. शाळेत आरोग्य तपासणीचे पथक येते तेव्हा त्या मुलाचे नाव स्वतः सांगायचे. शिकवण्याची रीत बदलून पाहायची. सरासरीवरून शेरा मारणे आणि नुसती वाट पाहणे, या दोन्हींत मुलाकडे पाहायचे राहूनच जाते.

शिक्षकाच्या हातातली प्रयोगशाळा

एकाच मुलाच्या मागे दीर्घकाळ राहणे संशोधकांना फार कठीण जाते. आपल्याकडे असे मोठे काम पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली झाले. १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत त्यांनी गर्भारपणापासून नोंदी घ्यायला सुरुवात केली आणि जन्मलेली बाळे मोठी होईपर्यंत त्यांच्या मागे राहिले. तिथल्या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो होते. इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. तरी आपल्या बारीक बाळांच्या अंगात चरबीचे प्रमाण मात्र तुलनेने टिकून होते. त्याचा पुढच्या आयुष्यातल्या मधुमेहाशी काय संबंध आहे, हे तपासता येते ते तीच मुले वर्षानुवर्षे पाहिल्यामुळे.

संशोधकाला यासाठी अनुदान मिळवावे लागते, माणसे नेमावी लागतात. शिक्षकासमोर मात्र तीच मुले वर्षातले किमान २०० दिवस बसलेली असतात. २००९ सालच्या शिक्षणहक्क कायद्याने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणले, त्यामागेही हीच अपेक्षा होती. २०१९च्या दुरुस्तीनंतर पाचवी आणि आठवीत मुलाला मागे ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली आणि महाराष्ट्राने २०२३ साली या इयत्तांसाठी वार्षिक परीक्षा पुन्हा आणली. म्हणजे आता एका दिवसाच्या आकड्यावर मुलाचे एक वर्ष अवलंबून राहू शकते. अशा वेळी त्या आकड्याशेजारी ठेवायला शिक्षकाकडे मुलाची वर्षभराची रेघ असणे अधिकच गरजेचे झाले आहे.

करून पाहायला फार काही लागत नाही. एक वही घ्या. प्रत्येक मुलाला दोन पाने. वर्गात ४० मुले असतील तर रोज चार मुलांची नोंद घ्या. दहा कामाच्या दिवसांत सर्वांची पाळी येईल. काम लहान आणि दर वेळी सारख्याच प्रकारचे द्या : दहा शब्द वाचणे, पाच बेरजा, चित्रावर दोन वाक्ये. वाक्ये घरच्या भाषेत सांगितली तरी चालतील. तीन गोष्टी लिहा. तारीख, किती जमले आणि कसे केले. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. 'बोटांवर मोजले', 'पहिले अक्षर पाहून अंदाज केला', 'चुकल्यावर स्वतः थांबून पुन्हा पाहिले' असे एक वाक्य पुरे. तीन महिन्यांनी आलेखकागदावर प्रत्येक मुलाची रेघ काढा. नंतर वर्गाच्या सरासरीची रेघ वेगळ्या रंगाने काढा. सरासरीसारखी चाललेली किती मुले सापडतात ते मोजा. आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांना हाच प्रयोग स्वतःच्या उंचीवर किंवा पाठांतरावर करता येईल. मासिकाच्या इतर वाचकांनाही उपयोगी पडेल असे काही आढळले, तर जरूर कळवा.

आता गुरुजींच्या प्रश्नाकडे वळू. ऑक्टोबरात तो मुलगा मागे होता का? चाचणीवरून याचे उत्तर देता येत नव्हते. पण वहीतल्या कागदांकडे पुन्हा पाहिल्यावर एक गोष्ट दिसली. जूनमध्ये न येणारी अक्षरे तो कोरी सोडी. ऑक्टोबरात तो ती सोडत नव्हता. चुकीचे का होईना, काहीतरी लिहीत होता. आणि त्यांतली बरीचशी अक्षरे उच्चाराने जवळची होती. 'ब'च्या जागी 'प', 'द'च्या जागी 'त'. आकडा तेवढाच राहिला होता, चुकांची जात बदलली होती. येवा सुरू झाला होता.

गुरुजींनी खिशातून पेन काढले आणि त्या जुन्या 'अप्रगत' शेऱ्याखाली नव्या तारखेने एक ओळ लिहिली : 'अक्षर सोडत नाही. आवाज ऐकून लिहितो.'